उन्हाळ्यात कारचा टायर जोखायचा कसा? आधी हवा, मग खोली, शेवटी दर

टायर बदलायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात दरापासून होते. मग कंपनी, मग शेजाऱ्याच्या गाडीचा टायर किती किलोमीटर चालला याची चौकशी. हवा तपासायची आठवण सगळ्यात शेवटी. हा क्रम पुरता उलटा आहे. हवा चुकीची असताना टायरबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष फसवा निघतो. जुना टायर कशामुळे झिजला हे न समजता घेतलेला नवा टायरही त्याच वाटेने जातो.

सातारा-सांगलीकडे ही चूक उन्हाळ्यात जास्त महागात पडते. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात मोठा फरक असतो. लग्नसराईत गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून सामान असतं, पुणे-बेंगळुरू महामार्गावर तासन् तास सलग वेग असतो. त्यातच मे महिन्यात वळीव कोसळतो. म्हणजे एकाच महिन्यात टायरला भाजणारं डांबरही सोसायचं आणि निसरडा ओला रस्ताही.

सुरुवातीला एक खुलासा. इंटरनेटवर 'समर टायर'च्या याद्या दिसतात त्या प्रामुख्याने युरोपातल्या. तिथे कडाक्याच्या थंडीसाठी वेगळं रबर वापरतात, म्हणून साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वरच्या हवेसाठी बनवलेल्या टायरला समर टायर म्हणतात. आपल्याकडे विकले जाणारे कारचे जवळजवळ सगळे टायर याच प्रकारात येतात. दुकानात वेगळा 'समर टायर' मागायची गरज नाही, आणि परदेशी चाचणीतला क्रमांकही इथे जसाच्या तसा लावू नये. नाव तेच असलं तरी माप आणि रबराचं मिश्रण वेगळं असू शकतं.

## टप्पा १: साहित्य आणि दाराचा स्टिकर

एवढं जवळ असू द्या:

- स्वतःचा हवा मोजायचा गेज, शक्यतो डिजिटल
- टायरच्या खाचेची खोली मोजायचा गेज. तो नसेल तर व्हर्नियर कॅलिपरच्या टोकातून बाहेर येणारी पट्टी चालते
- खडू, टॉर्च, वही

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत हवेचा स्टिकर असतो. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांची हवा दोन प्रकारे दिलेली असते: कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दोन्ही आकडे वहीत उतरवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ते लागतील.

सावधान: टायरच्या बाजूवर 'मॅक्स प्रेशर' म्हणून ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असा आकडा कोरलेला असतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीत तेवढी हवा भरायची नसते. तसं केलं तर टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो.

## टप्पा २: हवा थंड टायरमध्येच मोजा

'थंड' म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे आणि टायरवर ऊन पडलेलं नाही. उन्हाळ्यात याचा सरळ अर्थ सकाळी सातच्या आत. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी वाढलं की टायरची हवा १ पीएसआयने वाढते. पहाटे २४ अंश आणि दुपारी ४० अंश असतील, तर गाडी जागची न हलताही जवळजवळ ३ पीएसआयचा फरक पडतो. चालवल्यावर टायर तापतो, मग आणखी ३ ते ५ वाढते.

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. दुपारी कराडहून साताऱ्याला येता येता पंपावर हवा तपासली, ३३ च्या जागी ३९ दिसली, म्हणून सहा काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये २७ उरते. हवा कमी झाली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने आतून तापते, तापून थर सुटू लागतात. उन्हाळ्यात टायर फुटतो त्यामागे हवा जास्त असण्यापेक्षा ती कमी असण्याचं कारण कितीतरी अधिक वेळा असतं. तापलेल्या टायरमधली हवा कधीही काढू नका.

पंपावरच्या गेजवर एकट्यावर विसंबू नका. रोज शेकडो वेळा आपटणाऱ्या त्या यंत्राचा काटा दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे असू शकतो. आपल्या गेजचा आकडा आणि पंपाचा आकडा एकदा पडताळून फरक लक्षात ठेवा.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारलं जातं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच काय तो फायदा. फुकट मिळत असेल तर भरा. पण 'नायट्रोजन आहे, आता तपासायला नको' असं समजून महिनोन् महिने गेज न लावणं हे त्या फायद्यापेक्षा मोठं नुकसान आहे.

तपासा: चारही चाकं आणि स्टेपनी. सलग दोन सकाळी आकडे जुळले पाहिजेत. एका चाकात रात्रीतून १ पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला तर आधी पंक्चर, वॉल्व आणि रिमची कड बघा. टायर जोखायचं काम तोवर थांबवा.

## टप्पा ३: जुना टायर वाचा

जुना टायर उतरवून दुकानात टाकून येण्याआधी त्याच्याकडून माहिती काढून घ्या. या टप्प्यावर घालवलेला अर्धा तास पुढचे हजारो रुपये वाचवतो.

प्रत्येक टायरवर खडूने तीन ठिकाणी खुणा करा, साधारण सारख्या अंतरावर. प्रत्येक खुणेपाशी तीन मापं घ्या: आतली कड, मध्य, बाहेरची कड. एका टायरची नऊ मापं झाली. आतल्या कडेचं माप घेताना पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून बघता येतात. मागच्यांसाठी गाडी जॅकवर घेऊन चाक काढावं लागतं किंवा गाडी दुकानातल्या लिफ्टवर चढवावी लागते. जॅकवर असलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका.

आता आकड्यांचा अर्थ लावा.

दोन्ही कडा मध्यापेक्षा जास्त झिजल्या असतील तर हवा सतत कमी राहिली. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त होती. फक्त आतली कड गोटा झाली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय, आणि हे बाहेरून उभ्याने पाहिलं तर दिसतही नाही. टायर बाहेरून छान दिसतो आणि आतल्या कडेला तारा डोकावत असतात. म्हणूनच नऊ मापं.

मापांनंतर तळहात फिरवा. रबराच्या ठोकळ्यांवरून एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडतो, असं असेल तर चाकांचा टो, म्हणजे ती सरळ पुढे बघतात की आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, चुकलेला आहे. ठरावीक अंतरावर खळगे-उंचवटे लागत असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बुश संपलेत, नाहीतर बॅलन्सिंग गेलंय. ही दुरुस्ती न करता नवा टायर चढवला तर काही हजार किलोमीटरमध्ये त्याचीही तशीच झीज सुरू होते, आणि दोष कंपनीला दिला जातो.

खोलीची हद्द: नव्या कार टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. खाचेत तळाशी बारीक उंचवटे असतात. ते पृष्ठभागाच्या बरोबरीला आले की १.६ मिलिमीटर उरले, आणि कायद्याने कारसाठी तीच शेवटची मर्यादा आहे. पण कोरड्या रस्त्यावर चालणारा टायर ओल्या रस्त्यावर त्याच्या खूप आधी हरतो. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर फेकण्यात झपाट्याने कमी पडू लागतो. महाबळेश्वर, पाटण, जावळी भागात गाडी पावसातही चालणार असेल, तर एप्रिलमध्ये ३ मिलिमीटर दिसलेला टायर मृगाच्या आधी बदला.

सावधान: बाजूवर टेंगूळ, म्हणजे फुगा आला असेल तर खोली कितीही असो, तो टायर बाद. आतली दोरी तुटल्याची ती खूण आहे आणि तिची दुरुस्ती होत नाही. बाजूवरच्या पंक्चरलाही ठिगळ चालत नाही. खाचांच्या मधल्या पट्ट्यातलं साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोकच दुरुस्त करावं.

## टप्पा ४: गाडी कुठे चालते ते लिहा

एकाच जिल्ह्यात दोन टोकांची गरज असते, आणि शेजाऱ्याच्या सल्ल्याचा इथेच बोजवारा उडतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला घाट आणि तुफान पाऊस, तर माण-खटावकडे कोरडं ऊन आणि खडी. सांगलीतही शिराळ्याची बाजू वेगळी आणि जत-आटपाडीची वेगळी. वाईहून पसरणी घाट रोज चढणाऱ्याचा आवडता टायर आटपाडीच्या कच्च्या रस्त्यावर टिकेलच असं नाही.

वहीत तीन ओळी पुरतात: वर्षाला किती किलोमीटर, त्यातले महामार्ग, घाट आणि खराब रस्ता यांचे अंदाजे हिस्से किती, आणि पूर्ण भरलेली गाडी महिन्यात किती वेळा.

घाट आणि पाऊस जास्त असेल तर ओल्या रस्त्यावरची पकड सगळ्याच्या वर. खडी, शेतरस्ते, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा, द्राक्षबागेच्या वाटेवरचे तारेचे तुकडे आणि बाभळीचे काटे यांच्यातून जाणं रोजचं असेल, तर दणकट बाजूचा टायर घ्या आणि गाडीच्या मूळ मापापेक्षा बुटकी बाजू असलेला टायर मुळीच घेऊ नका. महामार्गच जास्त असेल तर उष्णता सोसण्याची क्षमता, आवाज आणि कमी घर्षण यांकडे बघा.

या तिन्हींत एकदम पहिला येणारा टायर नसतो. खूप वर्षं टिकणारं कडक रबर ओल्यात सहसा कमी धरतं, आणि घट्ट धरणारं मऊ रबर लवकर झिजतं. चांगल्या कंपन्या ही ओढाताण बरीच कमी करतात, पण पूर्ण मिटवत नाहीत. म्हणून आधी आपली गरज लिहायची, मग टायर बघायचा.

## टप्पा ५: टायरची बाजू वाचा

उदाहरण घेऊ: १८५/६५ आर १५ ८८ एच.

१८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचांतला व्यास. ८८ हा भाराचा अंक, एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०.

भाराचा अंक गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ८२ आणि ८८ हे आकडे दिसायला जवळचे, पण ८२ म्हणजे ४७५ किलो. दर टायरला ८५ किलोचा फरक पडतो. वेगाचं अक्षरही मूळपेक्षा खालचं नको. 'आपण कुठे २०० ने जातो' हा युक्तिवाद चुकीचा आहे, कारण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं आणि उन्हाळ्यात नेमकं तेच हवं असतं.

रुंदी वाढवण्याचा मोह फार जणांना होतो. १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. त्याच रिमवर १९५/६५ चढवला तर ६३४.५, म्हणजे २ टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, स्टिअरिंग जड होतं, पूर्ण वळवल्यावर टायर आत घासू शकतो, आणि विमा दाव्याच्या वेळी मापाचा प्रश्न निघू शकतो. रुंद टायर पाण्यावर तरंगायलाही लवकर लागतो. मूळ मापच ठेवा.

मग तारीख. बाजूवर लांबट चौकटीत चार अंक असतात: २२२५ म्हणजे २०२५ सालचा २२ वा आठवडा. पूर्ण तारीख बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून दिसली नाही तर टायर उलटा करायला सांगा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, सावलीत ठेवलेला वर्षभरापर्यंतचा चालेल. त्याहून जुना असेल तर सरळ दुसरा मागा. चारही टायरच्या तारखा पाहा, एकाच्या नव्हे.

आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस १५६३३ हा क्रमांक असला पाहिजे. कारच्या टायरसाठी तोच भारतीय मानक क्रमांक आहे.

काही टायरवर 'ट्रेडवेअर ४००', 'ट्रॅक्शन ए', 'टेंपरेचर ए' असं कोरलेलं असतं. ही अमेरिकी प्रतवारी. ट्रॅक्शन म्हणजे ओल्यात सरळ रेषेत थांबण्याची पकड: एए सर्वोत्तम, मग ए, बी, सी. टेंपरेचरमध्ये ए, बी, सी. आपल्या उन्हासाठी 'ए' प्रतच घ्या. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी, दोन कंपन्यांत फारसा नाही. '४०० म्हणजे ४०,००० किलोमीटर' हा बाजारातला समज पूर्ण चुकीचा आहे.

बीईई या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेचे तारे दिसले तर ते टायर किती हलका फिरतो, म्हणजे इंधन किती वाचवतो, हे सांगतात. पकडीचा दर्जा त्यांत बघू नका.

तपासा: माप, भार, वेगाचं अक्षर, तारीख. चारही टायरचे आकडे मोबाइलवर टिपून घ्या आणि बसवल्यावर पुन्हा ताडून बघा.

## टप्पा ६: किंमत दर हजार किलोमीटरवर आणा

दोन टायरचे दर शेजारी ठेवून फरक पाहणं हा हिशोब नव्हे. खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या दुकानातले दर घालून स्वतःचा हिशोब मांडा.

समजा पहिला टायर ५,२०० रुपयांचा आणि दुसरा ६,४०० चा. चार टायर आणि वॉल्व, बॅलन्सिंग, अलाइनमेंटचे २,००० धरले तर पहिला संच २२,८०० आणि दुसरा २७,६००. पहिल्याचं आयुष्य ३८,००० किलोमीटर धरलं, दुसऱ्याचं ४६,०००. दोन्हींचा खर्च दर हजार किलोमीटरला ६०० रुपयेच आला! म्हणजे दरातला ४,८०० रुपयांचा फरक दिसतो तेवढा खरा नाही. अशा वेळी ओल्यात जो चांगला थांबतो तो घ्या.

आता तीच गाडी वर्षाला फक्त ६,००० किलोमीटर चालते असं धरा. ४६,००० व्हायला साडेसात वर्षांहून जास्त लागतील. तोवर रबर उन्हाने कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. बऱ्याच कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, टायर कंपन्या दहा वर्षं ही अगदी शेवटची हद्द मानतात. आपल्या उन्हात सहा धरणंच शहाणपणाचं. सहा वर्षांत गाडी ३६,००० चालणार. पहिल्या संचाचा खर्च हजाराला सुमारे ६३३ रुपये, दुसऱ्याचा ७६७. कमी चालणाऱ्या गाडीला 'खूप टिकणारा' टायर महाग पडतो, कारण त्याची खाच शिल्लक असतानाच तो म्हातारा होतो. अशा गाडीला पकड चांगली असलेला, मध्यम आयुष्याचा टायर योग्य.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीवर 'सवलत' म्हणून हाच फरक दाखवला जात नाही ना, हे बिलात बघा.

वॉरंटी वाचताना दोन गोष्टी विचारा. दगडाने कापला किंवा खड्ड्यात फुगा आला तर ती लागू होते का? आणि भरपाई उरलेल्या खोलीच्या प्रमाणात मिळते का? सर्वसाधारण वॉरंटी बनावटीतल्या दोषासाठी असते, आणि निम्मा झिजलेला टायर परत दिला तर पूर्ण किंमत मिळत नाही. 'पाच वर्षं वॉरंटी' ऐकून हिशोबात पाच वर्षांचं आयुष्य धरणं ही दुसरी मोठी चूक.

रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेला, कारला घेऊ नका. महामार्गाच्या वेगात आणि उन्हात वरचा थर सुटण्याचा धोका बचतीपेक्षा फार मोठा आहे.

## टप्पा ७: बसवताना समोर उभे राहा

१. टायर रिमवर चढवण्याआधी नवा वॉल्व घालायला सांगा. जुन्याचं रबर उन्हाने तडकलेलं असतं.

२. बाजूवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने हवा. 'आउटसाइड' लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर.

३. मग बॅलन्सिंग. जुनी वेट काढल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका.

४. नट हाताने लावून, मग चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे आवळायचे. हवेच्या गनने एकदम ठोकलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर पान्याने सुटत नाही. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतका.

५. हवा स्टिकरप्रमाणे. आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. बसवण्याआधी केलेलं वाया जातं. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा.

सावधान: दोनच टायर नवे घेतले तर ते मागे लावा. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढेच, असं जवळजवळ सगळेच करतात. पण ओल्या वळणावर मागचा झिजलेला टायर सुटला की गाडी फिरते, आणि ती सावरणं सामान्य चालकाच्या हाती नसतं. पुढचा घसरला तर गाडी सरळ जाऊ पाहते. वेग कमी केला की ताबा परत मिळू शकतो. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या जातीचे टायर तर कधीच नकोत.

## टप्पा ८: पहिले ३०० किलोमीटर काही ठरवू नका

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो. तो झिजेपर्यंत पकड कमी असते. पहिले २०० ते ३०० किलोमीटर जोरात ब्रेक आणि घाटातली घाई टाळा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

याच काळात 'मायलेज पडलं' अशी तक्रार येते. त्याला दोन कारणं असतात. पूर्ण खाचेचा टायर झिजलेल्यापेक्षा जरा जड फिरतो. शिवाय झिजलेल्या टायरचा व्यास १० मिलिमीटरने कमी झालेला असतो, म्हणजे साधारण १.६ टक्के, त्यामुळे जुन्या टायरवर ओडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवत होता. मायलेज दोन हजार किलोमीटरनंतर, एकाच पंपावर टाकी भरून, सलग तीन भरण्यांच्या सरासरीने काढा.

## टप्पा ९: तीन चाचण्या

उष्णता. पहाटे थंड हवा मोजा. पेठ नाका ते कराडसारख्या सपाट, सलग रस्त्यावर ४० ते ५० किलोमीटर नेहमीच्या वेगाने जाऊन-येऊन थांबा आणि लगेच पुन्हा मोजा. ३ ते ५ पीएसआय वाढ ठीक. ७ किंवा जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती, नाहीतर भार जास्त. एकाच चाकात इतरांपेक्षा जास्त वाढ दिसली तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय का बघा. ही चाचणी खंबाटकी किंवा पसरणी उतरून आल्यावर घेऊ नका. ब्रेकच्या उष्णतेने आकडे बिघडतात. उन्हात पार्क केलेल्या गाडीची उन्हाकडची दोन चाकंही जास्त दाखवतात.

कोरडा ब्रेक. मोकळं, सपाट, डांबरी मैदान, मागेपुढे कोणी नाही. सार्वजनिक रस्त्यावर किंवा घाटात हे मुळीच करू नका. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेलीच गाडी. ताशी ४० ला खडूच्या खुणेवर पूर्ण ब्रेक, थांबलेलं अंतर टेपने मोजा. चांगला टायर साधारण ८ ते १० मीटरमध्ये थांबवतो. तीन वेळा करा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या, सरासरी घ्या. वेग दीडपट केला तर अंतर सव्वादोन पट होतं, म्हणून ४० च्या पुढे जाऊन काही नवीन कळत नाही, धोका मात्र वाढतो.

ओला ब्रेक. खरी परीक्षा हीच. पण वळवाच्या पहिल्या सरीत ती घेऊ नका. महिनोन् महिने साचलेलं तेल, रबर आणि धूळ पाण्यात मिसळून रस्ता साबणासारखा होतो. त्यात कुठलाही टायर घसरतो आणि चांगल्या-वाइटातला फरक कळत नाही. अर्धा तास सडकून पाऊस पडून रस्ता धुतला गेला की त्याच मैदानावर, त्याच ४० वेगाने, त्याच पद्धतीने मोजा. कोरड्यापेक्षा अंतर निम्म्याहून जास्त वाढलं, तर प्रत्यक्ष रस्त्यावरचा वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर त्याप्रमाणे ठरवा.

शक्य असेल तर हीच मापं जुन्या टायरवर आधी घेऊन ठेवा. मात्र २ मिलिमीटर उरलेल्या जुन्या टायरशी ८ मिलिमीटरच्या नव्याची तुलना करून 'ही कंपनीच भारी' म्हणू नका. तो फरक बराचसा खोलीचा असतो, कंपनीचा नव्हे.

आवाज फक्त ओझरता: एकाच पट्ट्यावर, काचा बंद, एसी बंद, ताशी ६० आणि ८० ला. नव्या टायरवर लयीत गुणगुण येत असेल तर आधी बॅलन्सिंग, मग व्हील बेअरिंग तपासा.

## टप्पा १०: ५,००० किलोमीटरची नोंद

दर ५,००० किलोमीटरला नऊ मापं पुन्हा घ्या, आणि दर १०,००० ला चाकांची अदलाबदल. बाणवाल्या टायरची अदलाबदल त्याच बाजूला पुढे-मागे.

आयुष्याचा अंदाज असा काढा: नवी खोली ७.५, बदलायची खोली २.५, म्हणजे वापरायला ५ मिलिमीटर. १०,००० किलोमीटरमध्ये १ मिलिमीटर झिजला तर एकूण ५०,०००. पहिल्या ५,००० वरून मात्र अंदाज बांधू नका. नवे उंच ठोकळे सुरुवातीला जरा जास्त हलतात आणि जास्त झिजतात. १०,००० चा आकडा टप्पा ६ मधल्या हिशोबात घातला की कळतं, दुकानात सांगितलेलं आयुष्य खरं होतं की नाही.

कडा आणि मध्य यांत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पुढच्या ५,००० ची वाट बघू नका. त्याच आठवड्यात हवा आणि अलाइनमेंट तपासा. बिल, अलाइनमेंटची छापील पट्टी, टायरचे तारखेचे अंक आणि ही मापं एकाच वहीत ठेवा. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर 'हवा कमी ठेवली असेल' या उत्तराला दाखवायला तुमच्याकडे तेवढाच कागद असतो.